साठ मिनिटांचा हिशेब: 'प्रिन्स ऑफ पर्शिया' शेवटपर्यंत खेळताना

'प्रिन्स', म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा कॉम्प्युटरवरचा खेळ, माहीत नाही असा माझ्या वयाचा माणूस सापडणं अवघड, आणि 'प्रिन्स' संपवलेला सापडणं त्याहून अवघड. नव्वदच्या दशकात गावातल्या कॉम्प्युटर क्लासला फी भरून जे डॉस (विंडोजच्या आधीची संगणकप्रणाली) आणि वर्डस्टार (तेव्हाचा टायपिंगचा प्रोग्रॅम) शिकले, त्यांतल्या बहुतेकांची धाव तिसऱ्या लेव्हलच्या जाळीच्या दारापर्यंत. माझीही तेवढीच होती. २०२४ च्या जूनमध्ये ठरवलं की हा खेळ एकदा धसास लावायचा, आणि १७ ऑगस्टला तो संपला. यासाठी जे कळायला हवं होतं ते मला एका जागी कुठे मिळालं नाही, म्हणून लिहिते आहे. मी कराडला एका पतसंस्थेत नोकरी करते, वय चव्वेचाळीस. बोटांचा वेग बेताचाच आहे, हे आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला धीर येईल.

ज्यांनी हा खेळ पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सुलतान लढाईवर गेलाय. मागे वजीर जाफर सत्ता बळकावतो आणि राजकन्येला बजावतो, तासाभरात माझ्याशी लग्नाला हो म्हण, नाहीतर मर. तिचं मन ज्याच्यावर जडलंय तो तरुण तळघरात कैद. तो म्हणजे आपण. बारा लेव्हल पार करत मनोऱ्यात पोचायचं, तेही घड्याळाच्या खऱ्याखुऱ्या साठ मिनिटांत. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने हा खेळ जवळजवळ एकट्याने तयार केला. १९८९ साली तो अ‍ॅपल टू या संगणकावर आला, १९९० मध्ये डॉसवर. आपल्याकडे पोचला तो डॉसवाला, फ्लॉपीतून फ्लॉपीत उतरत.

पहिला प्रयत्न ब्राउझरमध्ये केला. जुने डॉस खेळ तिथल्या तिथे चालवून देणारी संकेतस्थळं आहेत, काही उतरवून घ्यावं लागत नाही. मजा म्हणून ठीक. पण मी सेव्ह केलेला खेळ टॅब बंद करताच गेला. शेवटपर्यंत जायचं असेल तर तो रस्ता सोडा. पुण्याच्या धाकट्या भावाकडे जुन्या फ्लॉप्या एका सीडीवर उतरवून ठेवलेल्या होत्या, त्यात 'प्रिन्स'चं फोल्डर निघालं. ते चालवायला डॉसबॉक्स लागतो. हा फुकट मिळतो, विंडोजच्या आत एक छोटा डॉसचा संगणक उभा करतो. फोल्डर माउंट करायची, म्हणजे खेळ कुठे ठेवलाय ते डॉसबॉक्सला सांगायची, आज्ञा दर वेळी टाइप करायचा कंटाळा येतो. डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये अगदी तळाला 'ऑटोएक्झेक' नावाचा भाग आहे, तिथे त्या दोन-तीन ओळी एकदाच लिहून ठेवायच्या, मग उघडलं की थेट खेळ. ऑल्ट आणि एंटर दाबलं की पडदाभर होतो. वेगाच्या सेटिंगला मी हातही लावला नाही, आहे तो वेग बरोबर होता.

१६ जूनचा रविवार, बाहेर पाऊस, सगळी तयारी झालेली. आणि पाचव्या मिनिटाला विंडोजने मधेच चौकट उघडली: स्टिकी कीज चालू करायच्या का? या खेळात शिफ्टचं बटण म्हणजे हात आहे. कठडा धरायचा शिफ्टने, तलवार उचलायची शिफ्टने, बाटली प्यायची शिफ्टने, वार करायचा शिफ्टने. आणि विंडोजला लागोपाठ पाच वेळा शिफ्ट दाबलं की ही चौकट आणायची सवय. तेवढ्यात राजपुत्र खड्ड्यात. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथे स्टिकी कीजचा शॉर्टकट बंद करा. खेळ सुरू करण्याआधी करायचं काम हे एवढं एकच, पण ते कराच.

दुसरी अडचण कीबोर्डची. लॅपटॉपवरचे बाण इवलेसे, वरचा आणि खालचा तर एकमेकांना चिकटलेले. वर म्हणजे उडी आणि खाली म्हणजे बसणे, तेव्हा काय होत असेल ते समजून घ्या. बाजारातून ६५० रुपयांचा साधा वायरवाला कीबोर्ड आणला. पूर्ण खटाटोपात खिशातून गेले ते एवढेच.

पहिली लेव्हल पार केली आणि बाटल्यांची खोली आली. ही खोली आमच्या क्लासच्या प्रतीत कधीच नव्हती. जमिनीवर बाटल्या, प्रत्येकीवर एक इंग्रजी अक्षर, आणि खाली सूचना की पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर ज्या बाटलीवर आहे तीच प्या. म्हणजे खोक्यासोबत आलेली छापील पुस्तिका तुमच्याकडे आहे की नाही, याची परीक्षा. क्लासमधल्या प्रतीतून कोणीतरी ही खोलीच काढून टाकलेली असणार, कारण पुस्तिका तर सरांनीही पाहिली नसेल. मला तिचा स्कॅन नेटवर मिळाला, पण तोवर दोन संध्याकाळी गेल्या. पानं मोजताना मुखपृष्ठ धरायचं नाही, पानावर छापलेला आकडा पाहायचा. स्कॅन मोबाइलवर उघडून शेजारी ठेवा, कारण घड्याळाचा प्रश्न आहे.

आता खरा खेळ. जूनचे उरलेले दिवस मी फक्त पडत होते. सुळ्यांवर, फटींत, निसटत्या फरशांबरोबर. भावाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "ताई, तू पळतेस कशाला? शिफ्ट धरून चाल की." इतकी वर्षं मला हे माहीतच नव्हतं. शिफ्ट दाबून बाण दाबला की तो एकेक सावध पाऊल टाकतो आणि कड्याच्या अगदी टोकावर थांबतो, पडत नाही. सुळ्यांमधूनही असा चालत गेला तर ओरखडासुद्धा उठत नाही. पळत गेलात किंवा वरून पडलात तर मात्र संपलं. आणखी दोन गोष्टी त्याच आठवड्यात कळल्या. जागच्या जागी उडी मारली की त्या रांगेतल्या निसटत्या फरशा थरथरतात, म्हणजे कुठे पाय ठेवायचा नाही ते आधीच दिसतं. आणि एक मजला पडलं तर काही होत नाही, दोन मजले पडलं तर एक त्रिकोण जातो, तीन मजले म्हणजे मरण. हे त्रिकोण म्हणजे आपला जीव, ते खाली डाव्या कोपऱ्यात असतात, सुरुवातीला तीन. लाल बुडबुड्यांची बाटली एक त्रिकोण भरून देते, मोठी बाटली कायमचा एक वाढवते, निळ्या बुडबुड्यांच्या वाटेला जाऊ नये.

हा राजपुत्र इतर खेळांतल्या माणसांसारखा बटणाच्या ताब्यात नसतो. थांब म्हटलं तरी दोन पावलं घसरतो, वळ म्हटलं तर वळायला वेळ घेतो, कारण त्याला वजन आहे. हे वजन आलं कुठून, तर मेकनरने १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, भिंतीवर चढायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि एकेक चौकट गिरवून त्यातून ही आकृती तयार केली. म्हणजे पडद्यावर जो घसरतो तो खराच कोणाचा तरी भाऊ. त्यामुळे बटण नेहमी अर्धा क्षण आधी दाबावं लागतं: उडी कड्यावर पोचल्यावर नाही, शेवटच्या पावलाच्या आधी. हे डोक्याला कळून बोटांना कळेपर्यंत जुलै उजाडला.

तलवारबाजीचा मी उगाच बाऊ केला होता. पहिल्या लेव्हलला आधी तलवार शोधायची, शिपायापुढे निःशस्त्र गेलात तर एका वारात खेळ आटोपतो. नंतर मात्र नियम सोपा आहे. आपण आधी वार करायचा नाही. समोरच्याचा हात उठला की वरचा बाण, म्हणजे अडवणं, आणि अडवल्याबरोबर शिफ्ट. अडव-मार, अडव-मार. शिपाई कड्याजवळ उभा असेल तर त्याला ढकलत न्या, खाली पडून तोच मरतो.

तिसरी लेव्हल. एका फरशीवर पाय पडला की लांबवरचं जाळीचं दार वर जातं आणि लगेच हळूहळू खाली यायला लागतं. मधे खड्डे. एकही पाऊल न थांबता उडी, उडी, उडी, आणि दार मिटायच्या आत त्याखालून पलीकडे. कराडच्या क्लासमधली सगळी पिढी याच दारात अडकली. पळायला सुरुवात फरशीच्या लगेच पुढून न करता मागे जाऊन केली तर पहिली उडी आपोआप योग्य जागी पडते. पलीकडे एक हाडांचा सांगाडा उठून लढायला येतो. तो तलवारीने मरत नाही, त्याला मागे रेटत नेऊन खाली पाडायचं. या लेव्हलमध्ये मधे एक मुक्काम आहे, त्यापुढे मेलात तर तिथूनच सुरू होतं. सबंध खेळात ही मेहरबानी इथेच.

यापुढे जे सांगणार आहे ते माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल आणि जी दाबून खेळ सेव्ह करता येतो. मी आपली खुशीत सेव्ह करत पाचव्या लेव्हलपर्यंत आले आणि स्पेसबार दाबून पाहिलं तर एकोणीस मिनिटं उरलेली. मेल्यावर लेव्हल पहिल्यापासून सुरू होते, पण घड्याळ मागे जात नाही. आणि सेव्ह करताना ते खर्च झालेलं घड्याळच सेव्ह होतं.

प्रिन्स डॉट एसएव्ही नावाची जी फाइल बनते ती फक्त ८ बाइटची असते. तीत चार आकडे: किती मिनिटं उरली, त्या चालू मिनिटाचा किती भाग उरला, कितवी लेव्हल, आणि लेव्हलच्या सुरुवातीला किती त्रिकोण होते. तुम्ही कुठे उभे आहात, कोणाला मारलं, कोणतं दार उघडलं, यातलं काही नाही. पतसंस्थेच्या दिवसअखेरीसारखं: दिवसभर काउंटरवर काय रामायण झालं ते कोणी विचारत नाही, शिल्लक तेवढी पुढे ओढली जाते. एकदा हे कळलं आणि माझी खेळायची पद्धतच बदलली.

तर पद्धत अशी. नवी लेव्हल सुरू झाल्या झाल्या, एकही पाऊल न टाकता सेव्ह करा. मधे सेव्ह करण्यात तोटाच आहे, लेव्हल पहिल्यापासूनच मिळणार आणि मिनिटं मात्र कमी झालेली. मेलात तर बटण दाबून पुन्हा सुरू करू नका. कंट्रोल आणि आर दाबून सुरुवातीच्या पडद्यावर या आणि कंट्रोल आणि एल दाबून सेव्ह केलेलं उघडा, म्हणजे मिनिटं परत मिळतात. खेळ एकच सेव्ह ठेवतो, नवी केली की जुनी पुसली जाते. म्हणून दर लेव्हलला ती फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करून तिला नाव द्यायचं: 'चौथी ४९ मिनिटे', 'पाचवी ४६ मिनिटे'. एखाद्या लेव्हलला फार मिनिटं गेली तर आदली फाइल घेऊन तीच लेव्हल पुन्हा. १७ जुलैला, आषाढीच्या दिवशी, सुट्टी होती. साबुदाणा खिचडी खाऊन बसले आणि पहिल्या दोन लेव्हल इतक्यांदा खेळले की डोळे मिटून हात चालू लागले. तिसरीच्या आधी सेव्ह नाही, तेव्हा त्या दोन लेव्हलमध्ये वाचवलेलं मिनिट शेवटपर्यंत तुमच्याबरोबर येतं.

सरावासाठी एक चोरवाट आहे. डॉसमध्ये नुसतं 'प्रिन्स' न लिहिता 'प्रिन्स मेगाहिट' लिहायचं, पुढे लेव्हलचा आकडा. अर्थात इंग्रजी अक्षरांत. थेट त्या लेव्हलला उतरता. खेळाच्या नंतरच्या आवृत्त्यांत 'मेगाहिट'च्या जागी 'इम्प्रूव्ह्ड' चालतं. एका शब्दाने झालं नाही तर दुसरा वापरून बघा. भावाचं म्हणणं, ही फसवणूक. मला तसं वाटत नाही. नववी लेव्हल उघडून तिथली वाट पाठ करायची, मग ते बंद करून आपल्या स्वतःच्या फाइलवरून खेळायचं, यात फसवलं कोणाला? फक्त मेगाहिटमध्ये असताना सेव्ह करू नका, नाहीतर खरी फाइल पुसली जाईल.

चौथ्या लेव्हलला बाहेर पडायचं दार उघडलं की परतीच्या वाटेवर एक आरसा उभा राहतो. त्याच्यावर पळत येऊन उडी मारायची. आपण आरपार जातो, आणि दुसऱ्या बाजूने आपलीच सावली उडी मारून पळून जाते. आपले त्रिकोण एकावर येतात. ही सावली पुढे छळते: पाचव्या लेव्हलला आपल्या डोळ्यांदेखत मोठी बाटली पिऊन टाकते, सहाव्याच्या शेवटी दार बंद करून आपल्याला खाली पाडते. पाचवीला मी तिच्या आधी पोचायचा फार आटापिटा केला. नाद सोडलात तर बरं. सहावीतलं पडणं म्हणजे तर लेव्हल संपल्याचीच खूण आहे, घाबरून कंट्रोल-आर दाबू नका.

सातवी कंटाळवाणी आहे. आठवीला आपण दारामागे अडकतो, आणि काही म्हणजे काही सुटका दिसत नाही. थांबायचं. राजकन्येने पाठवलेला उंदीर येतो, फरशीवर चढतो, दार उघडतं. त्या लेव्हलच्या आधी राजकन्या आणि उंदीर दाखवतात ते दृश्य मी घाईने बटण दाबून उडवत होते, त्यामुळे मला याची कल्पनाच नव्हती. नवव्या लेव्हलला एक बाटली पडदा उलटा करते, छत खाली. मी चक्क लॅपटॉप उलटा धरायचा विचार केला होता. दहावी आणि अकरावी पाठ केली की होते. उघडमीट करणाऱ्या लोखंडी जबड्यांना आम्ही लहानपणी कात्री म्हणायचो. कात्रीच्या अगदी जवळ शिफ्टने सरकत जायचं, ती मिटून उघडली की पुढे. दोन कात्र्या लागोपाठ असल्या तर मधे थांबता येतं, इतकं लक्षात ठेवा.

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात उजवं मनगट दुखायला लागलं. रोज अर्ध्या तासावर खेळायचं नाही असं ठरवलं, गरम पाण्याने शेकलं. डावी शिफ्ट वापरली की दोन हातांत काम वाटलं जातं, उजव्या शिफ्टच्या नादी लागू नका.

बारावी म्हणजे मनोरा. वर चढताना फरशा डोक्यावर पडतात, आणि वर पोचल्यावर तलवार उपसून सावली उभी असते. तिच्यावर वार करा, आपलाही त्रिकोण जातो. तिला ठार मारा, आपणही मेलो. इथे खालचा बाण दाबून तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या अंगावर चालत जायचं. दोघं एक होतात. हे मला आधीपासून माहीत होतं, क्लासमधल्या कुणाच्या तरी चुलतभावाने सांगितलेल्या दंतकथेसारखं. तरी प्रत्यक्ष तलवार आत ठेवताना बोट अडखळलं. या सावलीची जन्मकथा मला खेळाइतकीच आवडते. अ‍ॅपल टूच्या स्मृतीत दुसरं पात्र मावेल एवढी जागाच उरली नव्हती. टोमी पिअर्स ही सहकारी मागे लागली होती की खेळाला प्रतिस्पर्धी हवाच. मग मेकनरने राजपुत्राचंच चित्र जरासं सरकवून स्वतःवरच गणिती क्रियेने चढवलं आणि त्यातून ही झगमगती आकृती निघाली. नवं चित्र लागलंच नाही.

एकरूप झाल्यावर समोर फक्त पोकळी दिसते. तिथे धावत सुटायचं, पायाखाली फरशा उमटत जातात. पुढे जाफर. तो शिपायांपेक्षा चांगला लढतो, पण अडव-मार त्यालाही लागू आहे. तो पडतो त्या क्षणी घड्याळ थांबतं. माझी चार मिनिटं शिल्लक होती. राजकन्या मिठीत येते, उंदीरही धावत येतो, आणि मग खेळ विजेत्यांच्या यादीसाठी नाव विचारतो. मी घाईत नुसतं 'ताई' लिहिलं.

१९ ऑगस्टला राखीसाठी भाऊ आला, यादीतलं नाव पाहून लगेच खेळायला बसला. तिसऱ्या लेव्हलच्या दारातून तो अजून पलीकडे गेलेला नाही. जाताना माझी चौथीची फाइल मागत होता, दिली नाही. आकडे मात्र देते, त्यालाही आणि तुम्हालाही. लेव्हल सुरू होताना उरलेली मिनिटं: तिसरीला ५३, चौथीला ४९, पाचवीला ४६, सहावीला ४३, सातवीला ४१, आठवीला ३६, नववीला ३०, दहावीला २३, अकरावीला १८, बारावीला १३. यापेक्षा दोन-तीन मिनिटं कमी असतील तरी चालून जाईल. दहावीला पंधराच उरली असतील तर मात्र पुढे न जाता आठवीची फाइल उघडा.